दोन बोटांवर एक भोक

कपाट वैजूच्या माहेरचं,
गडहिंग्लजहून टेम्पोतून आलेलं, सागाचं.
पायांपासून कमरेइतकी वर एक मातकट रेघ आहे.
एकोणीसच्या ऑगस्टात पाणी तिथवर येऊन थांबलेलं.
घासली, पॉलिश मारलं,
तरी उमटतेच.

मी शिरोलीला, फौंड्रीत, पॅटर्न शॉपमध्ये.
लोखंड ओतायच्या आधी
लाकडाला त्याचं सोंग घ्यायला लावणं हे माझं काम.
अर्ध्या मिलिमीटरवरून भांडणारा माणूस मी,
पण घरच्या कपाटाला इतक्या वर्षांत
एक स्क्रू आवळला नव्हता.

मग तो मंगळवार.
लपाछपीत शर्वू कपाटात शिरली
आणि बाहेरची कडी आपसूक पडली.
वैजू गच्चीवर सांडगे घालत होती,
मी रात्रपाळीची झोप काढत होतो.
किती वेळ गेला?
वैजू म्हणते, सहा मिनिटं.
मी काही म्हणत नाही.
दार उघडलं तेव्हा पोर घामानं निथळत होती,
रडली नाही. एवढंच म्हणाली,
"मला कुणी शोधलंच नाही."

रविवारी हत्यारं काढली.
आधी कडी. मग कुलूप. मग बिजागऱ्या.
दोन्ही दारं गाडीवर आडवी बांधून
दस्तगीर मिस्त्रीच्या दुकानात टेकवून आलो.
"चांगल्या कपाटाचा सांगाडा करालायसा की ओ!"
म्हटलं, व्हय, करालोय.

भिंतीला अँगल मारायचा तर वीट लोणा धरलेली,
ड्रिलच्या टोकाला अजून ओलाच चुरा येतो.
पहिलं भोक वाया गेलं. दुसरंही.
तिसरं वीतभर सरकून मारलं, फिशर ठोकला,
मग वरच्या फळीला धरून स्वतःच लोंबकळलो,
बाहत्तर किलो.
वैजू खूप दिवसांनी हसली.
कपाट हललं नाही.

आतल्या दोन्ही अंगांना
दर दोन बोटांवर एक भोक, खालपासून वरपर्यंत.
भोकात खुंटी, खुंटीवर फळी.
आज फळी शर्वूच्या छातीशी आहे,
दिवाळीपर्यंत एक भोक वर जाईल.
कडा घासून गोल केल्या,
वैजूची जुनी शिफॉनची ओढणी फिरवून पाहिली,
धागा कुठं अडकला नाही तेव्हा पॉलिश पेपर खाली ठेवला.

आणि खालची खोकी.
पॅटर्न वाळूतून सहज सुटावा म्हणून
त्याला किंचित उतार देतात.
तसाच उतार दिला खोक्यांना,
एकात एक बसावीत, पण बोट चेमटू नये.
झाकण नाही. दोन्हीकडं सुती दोरीचे कान.
एकात जेसीबी आणि त्याची सुटलेली चाकं,
एकात भातुकली, एकात ठोकळे,
चौथ्यात एका हाताच्या बाहुल्या, झाकणं, चिंचोके,
आणि कशाचं काय ते शर्वूलाच ठाऊक.

वैजू रेघेकडं बघत म्हणाली,
"आणि पाणी आलं तर?"
"म्हणून तर दोऱ्या. दोन तू उचल, दोन मी,
एका खेपेत गच्चीवर."
ती भांडी विसळत होती. हात थांबले.
"आणि शर्वूला कोण घेणार?"

मी बोटं मोजली.
चार हात, चार खोकी.
माझ्या ड्रॉइंगमध्ये असली चूक
सुपरवायझरनं कधी सोडली नसती.

रात्री चौथं खोकं खोललं.
चिंचोके बरणीत गेले, बाहुल्या भातुकलीत जेवायला बसल्या,
बेंदराचा मातीचा बैल मी वरच्या फळीवर ठेवला, फुटेल म्हणून.
सकाळी तो खाली होता, शिंग मोडलेलं.
असू दे. एवढा तिचा ती नेईल, माझ्या काखेत बसून.

चौथ्या खोक्याची जागा आता रिकामी आहे,
रेघेच्या खाली, डाव्या कोपऱ्यात.
शर्वू तिथं गुडघे पोटाशी घेऊन बसते,
ना दार, ना कडी,
फ्रॉक, पाय, अख्खी पोर समोर दिसते,
डोळे तेवढे गच्च मिटलेले.
"शोधा!"

मी पलंगाखाली बघतो.
पिंपामागं बघतो.
मोठ्यानं विचारतो, अगं, गेली कुठं ही?